नॅनोनलिका सापडल्या, चिलखत कापल्याचा पुरावा कुठे आहे?

विज्ञानवार्ता म्हणून एक दावा पुन्हापुन्हा फिरत असतो: भारतीय वूट्झ पोलादाच्या तलवारीत नॅनोतंत्रज्ञान होते, म्हणून ती कड्यांचे चिलखत रेशमासारखे कापीत असे. या वाक्याचा पूर्वार्ध अतिशयोक्त आहे, उत्तरार्ध निराधार.

2006 साली ड्रेस्डेन येथील संशोधकांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीचा अभ्यास 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. तिचा नमुना आम्लात विरघळवल्यावर कार्बन नॅनोनलिकांचे अवशेष दिसले. शोध महत्त्वाचाच, परंतु तो सूक्ष्मरचनेचा होता, चिलखत कापण्याची ती चाचणी नव्हती. दूध विरजणाऱ्याला कोणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणत नाही. मग लोहाराच्या माथी नॅनोतंत्रज्ञान का मारावे?

आता चिलखताकडे पाहू. त्यातील प्रत्येक कडीत चार कड्या गुंतलेल्या असतात आणि चांगल्या चिलखतात त्या रिव्हेट ठोकून बंद केलेल्या असतात. धार एकाच वेळी अनेक कड्यांवर पडते, त्यामुळे भार विभागला जातो. जाळी मागे सरते आणि आतला कापूस भरलेला अंगरखा आघात शोषून घेतो. 1 किलोची तलवार संपूर्णपणे सेकंदाला 15 मीटर वेगाने आली असे उदारपणे धरले, तरी तिची गतिज ऊर्जा सुमारे 110 ज्यूल भरते. ॲलन विल्यम्स यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील चाचण्यांनुसार पात्याने असे चिलखत भेदण्यास सुमारे 170 ज्यूल लागतात. पोलाद कितीही कठीण असले तरी त्याने मनगटातील ऊर्जा वाढत नाही. उलट, अतिकार्बनी पोलादाची धार कड्यांवर आपटून झडण्याचीच भीती अधिक.

म्हणूनच योद्धे टोकाकडे वळले. युरोपात निमुळत्या, ताठ तलवारी आल्या. भारतात टोक जाड केलेल्या कट्यारी आल्या. क्षेत्रफळ घटले की दाब वाढतो, आणि एकेक कडी उसवता येते. तलवारीच्या साध्या वाराने चिलखत फाटत असते, तर शतकानुशतके त्याचे ओझे कोणी अंगावर वाहिले असते काय?

हे सांगणे म्हणजे वारशाचा अपमान, असा आक्षेप ठरलेला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूतील भट्ट्यांत मुशीत बनणाऱ्या या पोलादाचा अभ्यास खुद्द मायकेल फॅरेडे यांनी केला. पात्यावरील लहरी उमटण्यात व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अशुद्धींचा मोठा वाटा असल्याचे व्हर्होवेन आणि पेंड्रे यांनी 1998 साली दाखवले. त्या अनामिक कारागिरांचे हे खरे कर्तृत्व कोणत्याही बनावट पराक्रमाहून मोठे आहे. त्यांचा अपमान होतो तो त्यांनी न केलेल्या गोष्टींचे श्रेय त्यांच्या नावावर खपवल्याने.

विद्यार्थ्यांनी असा दावा पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच विचारावे: किती ज्यूल, आणि ते कोणी मोजले?