गॅलरीतल्या उन्हाचा हिशोब

गॅलरीत ऊनच येत नाही, मग फुलझाड लावून काय उपयोग, असे वस्तीत पुष्कळ घरी बोलले जाते. समोरची इमारत अंगावर आलेली, वर पत्र्याची शेड आणि कठड्यावर वाळत घातलेले कपडे. अशा ठिकाणी उन्हाळ्यात हौसेने मोगऱ्याची कुंडी आणली जाते. आणताना ती कळ्यांनी भरलेली असते. पंधरा-वीस दिवसांत कळ्या संपतात, पुढच्या वर्षी नुसती पाने येतात आणि शेवटी काड्या उरतात. पैसे जातात ते जातातच. पण आम्हाला त्याहून खटकते ते पुढचे बोलणे. ‘हिचा हातच लागत नाही’, ‘अडचणीच्या दिवसांत कुंडीला हात लावलास ना?’ असे म्हणून दोष सुनेच्या नाहीतर मुलीच्या माथी मारला जातो.

बंधू-भगिनींनो, पाळीतल्या बाईच्या हाताने किंवा सावलीने झाड मरत नाही. झाड आपले अन्न उजेडात तयार करते. मोगऱ्याला त्यासाठी रोज पाच-सहा तास ऊन लागते. ते मिळाले नाही तर फुलासाठी काही शिल्लक राहत नाही. झाडाला नडते ती समोरच्या इमारतीची सावली. आपल्या वाडवडिलांची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली होती. निदान आपल्या घरात तरी सावलीचा विटाळ उरू नये.

तेव्हा कुंडी घेण्याआधी उजेडाचा जमाखर्च मांडावा. एखाद्या रविवारी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत डोकवा आणि ऊन कुठे आणि किती वेळ पडते ते वहीत लिहा. हे काम शाळेतल्या मुलांकडे द्या, ती आवडीने करतील. ऊन मुळीच नसेल तर भर दुपारी पांढऱ्या कागदावर वीतभर उंच हात धरा. हाताची सावली अंधुक का होईना दिसली, तर सावलीतली झाडे तिथे जगतात. काहीच दिसली नाही, तर तिथे फुलझाडावर पैसे घालू नयेत. उत्तरेकडच्या गॅलरीत थंडीत ऊन येत नाही, पण मे-जूनमध्ये आडोसा नसेल तर सकाळ-संध्याकाळ तिरपे येते. म्हणून हा हिशोब वर्षातून दोनदा करावा. आतल्या भिंतीला चुना मारला तरी उजेड वाढतो.

आता झाडे पाहू. सकाळचे दोन-तीन तास ऊन असेल तर कुंती लावा. कढीपत्त्याच्या कुळातले हे झाड वर्षातून अनेकदा पांढऱ्या फुलांनी भरते आणि त्याचा वास जिन्यापर्यंत जातो. अनंतही तेवढ्या उन्हात फुलतो, मात्र त्याची माती वाळली की कळ्या गळतात.

ऊन जवळजवळ नाही पण उजेड भरपूर आहे, अशा जागी सोनटक्का घ्यावा. आल्यासारखा गड्डा मे-जूनमध्ये रुंद कुंडीत किंवा तळाला भोके पाडलेल्या जुन्या बादलीत लावावा. माती कायम ओलसर ठेवावी. पावसाळ्यात आणि त्यानंतर पांढरी फुले येतात. एक दांडा एकदाच फुलतो. फुलून झाला की तो बुडातून कापावा, बाजूने नवे दांडे येतात. पौर्णिमेच्या वंदनेला यातलीच चार फुले पुरतात.

ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो तेही सावलीत वाढते. त्याला विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या घरून एक पान आणून मातीत खोचले की मुळे धरते. फुलायला मात्र दोन-तीन वर्षे जातात. फूल रात्री उमलते आणि सकाळपर्यंत कोमेजते. ते उमलले की इच्छा पुरी होते म्हणून काही ठिकाणी पूजा मांडतात. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंग आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. रात्री फुलते ते पतंगांना बोलावण्यासाठी. अंधारात दिसावे म्हणून रंग पांढरा आणि दुरून कळावे म्हणून वास. रात्रपाळीहून परतणाऱ्याला हा वास दारातच भेटतो, एवढे सुख पुरेसे आहे.

रातराणीला मात्र थोडे ऊन लागते आणि तिचा वास उग्र असतो. घरात दम्याचे माणूस असेल तर ती खिडकीजवळ लावू नये. तिची फळे-पाने विषारी आहेत. लहान मुलांपासून दूर ठेवावीत.

हौस आपली आणि त्रास शेजाऱ्यांना, असे होता कामा नये. कठड्यावर कुंडी ठेवू नका. पडली तर खालच्याचा जीव जाईल. जुन्या चाळीच्या गॅलरीवर फार वजन घालू नका. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले की डेंग्यूचा डास त्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करावी.

सोनटक्क्याचा गड्डा दोन वर्षांत कुंडी भरून टाकतो. तो फोडून एक तुकडा शेजारणीला द्या. देताना तिच्या गॅलरीत ऊन किती वाजता येते, तेवढे विचारून द्या.