टक्का वाढला, रुपया कुठे गेला?

आमचे वडील पोस्टात होते. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली, आणि नव्या गावी पोहोचल्यावर पहिले काम बिऱ्हाड शोधण्याचे. पगाराच्या दिवशी आई एकच विचारी, "भत्त्यात भाडं भागलं का हो?" ते कधीच भागत नसे. मग वाण्याच्या यादीतले काहीतरी खोडले जाई.

हाच प्रश्न २०२५ साली पुन्हा कानी आला. माझा पुतण्या मुंबईत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अगदी खालच्या पायरीवर लागला. चौघांनी मिळून एक खोली घेतली. पहिला पगार घेऊन तो रविवारी जेवायला आला आणि म्हणाला, "काका, घरभाडे भत्ता चोवीस टक्क्यांचा तीस टक्के झाला ना? मग २०१७ साली लागलेल्यालाही सुरुवातीला ५,४०० रुपये आणि मलाही तेवढेच, असं कसं?"

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हा भत्ता मूळ पगाराच्या टक्केवारीने ठरतो आणि टक्केवारी शहराच्या लोकसंख्येवरून. पन्नास लाख आणि त्यावरची शहरे एक्स, पाच ते पन्नास लाखांची वाय, बाकी सारी झेड. मुंबई-पुणे एक्समध्ये, नागपूर-कोल्हापूर वायमध्ये, रत्नागिरी झेडमध्ये. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून दर ठरले २४, १६ आणि ८ टक्के. महागाई भत्ता २५ टक्क्यांपुढे गेल्यावर जुलै २०२१ मध्ये ते २७, १८, ९ झाले. तो ५० टक्क्यांना टेकल्यावर जानेवारी २०२४ पासून ३०, २०, १०. आयोगाने या पायऱ्या ५० आणि १०० टक्क्यांवर ठेवल्या होत्या. सरकारने त्या अलीकडे आणल्या, हे सांगायलाच हवे.

गोम निराळीच आहे. एक्स शहरात किमान ५,४०० रुपये द्यायचे, असे २०१७ सालीच ठरले होते. सर्वात कमी मूळ पगार १८,००० रुपये, आणि त्याचे तीस टक्के बरोबर ५,४०० होतात! म्हणजे तळच्या माणसाला पुढची वाढ आधीच देऊन टाकलेली. तेव्हा तो दिलासा होता, पण २०२४ मध्ये टक्का वाढला तेव्हा नव्याने लागलेल्याच्या पदरात एक रुपयाही जास्त पडला नाही. खोलीचे भाडे काही २०१७ सालात थांबून राहिले नव्हते.

घरमालक अकरा महिन्यांचा करार संपला की वाढ सांगतो. सरकारची वाढ मात्र देशभराच्या महागाई निर्देशांकावर चालते. करोनाच्या काळात महागाई भत्ता दीड वर्ष गोठला, तेव्हा घरभाडे भत्ताही त्याच्यामागे ताटकळला. शहरांची वर्गवारी २०११ च्या जनगणनेवर उभी आहे. २०२१ ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. या सगळ्या हिशेबात त्या शहरात खोली केवढ्याला मिळते, हे कोणी विचारतच नाही.

ब्रिटनमध्ये निदान विचारतात. तिथे कमी उत्पन्नाच्या खासगी भाडेकरूंना सरकार मदत देते. त्यासाठी सरकारी अधिकारी भागाभागातली भाडी गोळा करतात आणि २०११ पासून भागातल्या स्वस्तातल्या तीस टक्के घरांचे भाडे निघेल अशी मर्यादा धरतात. पण तिथेही २०१६ पासून चार वर्षे दर गोठवले गेले. २०२० साली ते भाड्याला आणून जुळवले, पुन्हा गोठवले आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा जुळवले. मोजमाप असूनही तिजोरीने डोळे मिटले, की भाडेकरूच्या खिशाला भोक पडते.

"सरकारी नोकरांचे लाड पुरे झाले," असे काही वाचक म्हणतील. त्यांचा राग मी समजू शकतो. ज्यांना भत्ताच नाही, त्यांना जुन्या कररचनेत भाड्यापोटी मिळणारी वजावट महिन्याला फार तर ५,००० रुपये, आणि ती मर्यादाही २०१६ सालची. पण एकाचे दुखणे दुसऱ्याचे औषध होत नाही. सरकारने शहरांतली भाडी मोजायला सुरुवात केली, तर तो आकडा दोघांच्याही कामी येईल.

न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली २०२५ मध्ये आठवा वेतन आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे टक्क्यांची घासाघीस होईलच. माझे मागणे एवढेच, की आधी शहराशहरातली भाडी मोजा, ठरावीक मुदतीने पुन्हा मोजा, आणि तळच्या रकमेला त्या भाड्याबरोबर हलू द्या.

पुतण्या निघताना त्याच्या काकूने लाडवांचा डबा हाती दिला. तो हसून म्हणाला, "काकू, हाच खरा भत्ता!" आम्हीही हसलो. आई असती, तर तिने आधी भाडे विचारले असते.