प्रश्न कोणाचा आणि पैसा कोणाचा?

ज्ञानाला वर्ग नसतो, संशोधन निःपक्षपाती असते, असे आपल्या विद्यापीठांतून मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. गुरुत्वाकर्षणाचा नियम गिरणीमालकाला एक आणि बदली कामगाराला दुसरा नसतो, हे कोण नाकारील? परंतु प्रयोगशाळेचे दार उघडण्यापूर्वीच कोणीतरी एक प्रश्न निवडलेला असतो, आणि त्याच्या उत्तरासाठी कोणीतरी पैसे मोजलेले असतात. निःपक्षपातीपणाची सारी चर्चा उत्तराविषयी चालते. प्रश्नाविषयी मात्र मौन पाळले जाते.

औद्योगिक मानसशास्त्राची गंगोत्री मानले गेलेले हॉथॉर्नचे प्रयोग घ्यावेत. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात ते १९२४ ते १९३२ या काळात झाले. टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या काही तरुण मुलींना १९२७ साली वेगळ्या खोलीत बसवले, विश्रांतीच्या वेळा आणि कामाचे तास बदलून पाहिले, आणि उत्पादन वाढले. हार्वर्डचे एल्टन मेयो यांनी रॉकफेलर घराण्याच्या निधीतून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यावर यातून जो विचार उभा केला, त्याचा मथितार्थ असा की कामगाराला पैशापेक्षा आपुलकीची भूक अधिक असते. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत तो आजही शिकवला जातो. पाठ्यपुस्तके सहसा जे सांगत नाहीत ते असे की, त्या खोलीत जाताच मुलींच्या वेतनाची पद्धतही बदलली होती. मोठ्या विभागाऐवजी त्या मूठभर मुलींच्याच उत्पादनावर मोबदला ठरू लागला, म्हणजे जादा कामाचा पैसा थेट त्यांच्या हाती पडू लागला. शिवाय फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, या कारणावरून १९२८च्या जानेवारीत दोघींना खोलीतून हलवून त्यांच्या जागी नव्या दोघी आणल्या गेल्या. अ‍ॅलेक्स केरी यांनी १९६७ साली या निष्कर्षांची चिरफाड केली. पण तोवर आपुलकीचा सिद्धांत जगभर पोचला होता. पोचणारच; आपुलकीला मालकाचा छदामही खर्च होत नाही, वेतनवाढीला होतो.

पुढे १९३१-३२ मध्ये त्याच कारखान्यातील चौदा पुरुष कामगार ठरावीक मर्यादेपलीकडे काम करीत नाहीत असे आढळले, तेव्हा संशोधकांनी त्यामागे कामगारांच्या गटभावना शोधल्या. महामंदीच्या दिवसांत जास्त काम म्हणजे दर कमी होणे आणि शेजाऱ्याची नोकरी जाणे, हा हिशेब कोणत्याही युनियनच्या साध्या कार्यकर्त्याने त्यांना एका वाक्यात समजावून दिला असता. त्याला विचारले कोणी नाही.

स्त्रीच्या देहाची कथा याहून कठोर आहे. नेट-एन हे गर्भनिरोधक संप्रेरकाचे इंजेक्शन. हैदराबादजवळ पटनचेरू येथील सरकारी आरोग्य केंद्रात त्याची चाचणी चालली असता, हा प्रयोग आहे याची पुरेशी कल्पना गरीब स्त्रियांना दिलेली नाही, असा आक्षेप महिला कार्यकर्त्यांनी घेतला. स्त्री शक्ती संघटना, सहेली आदी संघटनांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयात प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. आता पुढचा भाग पाहा. तेच नेट-एन टेस्टोस्टेरॉनच्या जोडीने पुरुषांना देऊन पाहण्याचा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने निरनिराळ्या देशांतील ३२० पुरुषांवर झाला. मनःस्थितीतील बिघाड आणि अन्य दुष्परिणाम दिसताच सुरक्षा समितीच्या सल्ल्यावरून २०११ साली इंजेक्शने थांबवण्यात आली. थांबवली ते योग्यच झाले. मात्र औदासीन्य, अनियमित रक्तस्राव, वजनवाढ या स्त्रियांच्या तक्रारींना आजवर ‘किरकोळ’ हाच शब्द का वापरला गेला, याचे उत्तर औषधशास्त्रात सापडणार नाही.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या वाट्याला बहुधा प्रयोगही येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, सातारा भागांत टोमॅटो विचित्र रंगाचे, डागाळलेले निघू लागले. शेतकऱ्यांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले आणि बियाण्यावर संशय घेतला. नमुने बंगळूरच्या सरकारी उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले, तेव्हा एकाहून अधिक विषाणू त्यांत एकत्र सापडले. तोवर माल उकिरड्यावर गेला होता. पिकावरील विषाणू मारणारे औषध बाजारात मिळत नाही. प्रतिकारक्षम वाण, निरोगी रोपे, रोगट झाडे वेळीच उपटणे, मावा आणि पांढरी माशी यांच्यावर पाळत, एवढेच उपाय. यांतले बहुतेक बाटलीत भरून विकता येत नाही. जे विकता येत नाही त्यावर खाजगी भांडवल कशाला खर्च करील? ते कीटकनाशक विकील.

हवाई बेटांवर मात्र वेगळे घडले. पपईवरील रिंगस्पॉट विषाणूने १९९२ पासून पुना भागातील बागा ग्रासल्या. डेनिस गोन्साल्व्हिस यांच्या सार्वजनिक निधीवर चाललेल्या संशोधनातून प्रतिकारक्षम वाण निघाले, आणि १९९८ साली त्यांचे बी बागायतदारांना विनामूल्य वाटले गेले. जनुकीय वाणांविषयी कोणाचे मत काहीही असो, बियाण्याची मालकी कोणाकडे राहिली हा मुद्दा त्याहून मोठा आहे.

आपल्याकडे प्रवाह उलट्या दिशेला चालला आहे. २०२०-२१ साली संशोधनावरील राष्ट्रीय खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ साली संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे करायचे, त्यांतील छत्तीस हजार कोटी मुख्यतः उद्योगपती, देणगीदार आदी सरकारबाह्य मार्गांनी यावेत, अशी ती कल्पना. खाजगी पैसा आला तर कार्यक्षमता येते, असे समर्थक म्हणतात. येईलही, मागणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर कार्यक्षमतेने मिळेल.

या फाउंडेशनच्या नियामक मंडळावर उद्योगक्षेत्राच्या प्रतिनिधींना कायद्याने स्थान दिले आहे. कामगार संघटनांसाठी, शेतकऱ्यांसाठी किंवा ज्यांच्या देहावर औषधे पारखली जातात त्या स्त्रियांसाठी तसे स्थान नाही. लोकसभेत विरोधी बाकांवर बसणाऱ्यांनी कायद्यात दुरुस्ती सुचवून ही जागा मागावी, आणि कार्यकर्त्यांनी ती मागणी कामगारांच्या सभांत, ऊसतोडणीच्या तळांवर, बाजार समित्यांच्या आवारात नेऊन मांडावी.