विमानाचा योगक्षेम

एकलहऱ्यास राहणाऱ्या माणसाला आकाशाकडे पाहण्याची सवय आपोआप लागते. एकीकडे औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी, दुसरीकडे नाशिक रोडच्या गांधीनगर तळावरून उठणारी सैन्याची हेलिकॉप्टरे, आणि मधूनच ओझरच्या बाजूने येणारा, खिडक्यांची तावदाने हालविणारा लढाऊ विमानाचा गडगडाट. वर्गात गणित शिकवीत असता हेलिकॉप्टर आले की मी खडू हातात धरून थांबावयाचे, पोरांनी खिडकीशी धावावयाचे, आणि ते दिसेनासे झाले की सर्वांनी मिळून पुन्हा काळ-काम-वेगाकडे वळावयाचे, असा माझा कित्येक वर्षांचा क्रम होता. परंतु विमान ही वस्तू कधी काळी आमच्या घरच्या जमाखर्चात येईल असे स्वप्नातही आले नव्हते. ती गेल्या मार्गशीर्षात आली.

धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस आहेत. दोन वर्षांमागे त्याने हौसेने खाजगी वैमानिकाचा परवाना मिळविला, तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि विषय संपला असे समजलो. तो संपला नव्हता. मार्गशीर्षात त्याचे लांबलचक पत्र आले. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एक जुने चार आसनांचे सेस्ना १७२ विमान घेऊ पाहत होते. चौथा हिस्सा त्याचा. जवळचे पैसे पुरत नव्हते, म्हणून वाड्याच्या छपरासाठी आम्ही जी समाईक ठेव ठेवली आहे, तीतून आपल्या वाट्याचे आगाऊ मिळावे, अशी त्याची विनंती होती. खाली लिहिले होते, “काका, तुम्ही म्हणाल ते मला मान्य आहे.” हे वाक्य लिहून मुले आपल्या शिरावरचा बोजा किती कुशलतेने वडीलधाऱ्यांच्या शिरावर ठेवतात, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बैठक बसली. दादांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनी, एका वाक्यात नकार दिला. धाकट्या भावजयी मुलाची आई म्हणून काहीच बोलल्या नाहीत. आमचे एक आतेबंधू पाहुणे आले होते. त्यांनी या सर्व विद्या आपल्या प्राचीन ग्रंथांत असल्याचे सांगून चर्चेस भलतेच वळण दिले. शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ मधील चौपाटीवरच्या उड्डाणाची कथा आणि ‘वैमानिक शास्त्र’ हे दोन्ही त्यांनी काढले. पैकी पहिलीस त्या काळचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. दुसऱ्याविषयी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच विद्वानांनी १९७४ साली स्पष्ट निर्णय दिला, की तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील यंत्रे उडणे शक्य नाही. संस्कृतावर ज्याचे पोट चालले त्याने हे सांगावे हे आतेबंधूंना रुचले नाही. परंतु ज्या भाषेवर आपण प्रेम करतो तिच्या नावावर खोटे नाणे चालू देऊ नये, असे मला वाटते.

खरा प्रश्न वहिनींनी विचारला. त्या सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ते उडेल त्या दिवशी काय लागते ते त्याने लिहिले आहे. उडणार नाही त्या दिवशी त्याला काय लागते?”

ज्या घरात म्हशी बांधलेल्या असतात त्या घरातच असा प्रश्न सुचतो. दुभती असो की भाकड, वैरण चुकत नाही. मी हा प्रश्न जसाच्या तसा पुतण्यास कळविला, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत स्वतःही या विषयात शिरलो.

आपल्या वाङ्मयातील प्रख्यात विमान पुष्पक. ते मूळचे कुबेराचे. रावणाने ते बळाने नेले; रामचंद्रांनी लंकेहून अयोध्येस येण्यापुरते वापरले आणि काम होताच मूळ मालकाकडे परत धाडले. कालिदासाने रघुवंशाच्या तेराव्या सर्गात हा प्रवास वर्णिला आहे. त्यात खाली गोदावरी दिसते, पंचवटी दिसते. म्हणजे विमान आमच्या गावाच्या आसपासनेच गेले म्हणावयास हरकत नाही. हा सर्ग मी अनेक वेळा शिकविला, परंतु पुष्पक रात्री कोठे ठेवीत, त्यास तेल कोण घाली, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही आणि मलाही पडला नाही. रामरायांनी ते परत का पाठविले, याचे एक व्यावहारिक कारण मात्र मला आता सुचू लागले आहे.

पुतण्याचे उत्तर आले ते प्रामाणिक होते. विमान उभे असले तरी त्याच्या निवाऱ्याचे भाडे चालू राहते, विम्याचा हप्ता चालू राहतो. दर बारा महिन्यांनी परवानाधारक तपासनिसाकडून ते सर्व उघडून पाहावे लागते. त्याने सही केल्याखेरीज उडविता येत नाही. केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहीत होते, आणि या वह्या विमानाबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात. वह्या हरवल्या तर विमानाची किंमत उतरते. आपल्याकडे कुलवृत्तांत हरवला तर निदान सोयरीक तरी अडत नाही!

सेस्ना १७२ ही जात १९५६ सालापासून बाजारात आहे. मध्यंतरी सुमारे दहा वर्षे तिचे उत्पादन थांबले होते, ते पुन्हा सुरू झाले. आजवर चाळीस हजारांहून अधिक विमाने निघाली. पंख डोक्यावर, इंजिन नाकाशी, तासाला सुमारे तीस-पस्तीस लिटर शिसेयुक्त विमानी पेट्रोल. असल्या इंजिनाने सुमारे २,००० तास काम केले की ते पूर्ण उघडून नव्यासारखे करावे, असे निर्माता सांगतो. परंतु खाजगी मालकावर तशी कायद्याची सक्ती अमेरिकेत नाही. आणि या कामास जुन्या विमानाच्या किमतीच्या एक तृतीयांशापर्यंत रक्कम सहज जाते. आमच्या चौघा तरुणांनी जे विमान हेरले होते, त्याचे इंजिन १,७८० तास चाललेले होते, आणि मागील मालकाच्या आजारपणामुळे ते दीड-दोन वर्षे जवळजवळ उभेच होते.

आता या चौघांचा बेत पाहा. विमान घेताच त्यातील जुनी घड्याळवजा यंत्रे काढून तेथे रंगीत पडदे बसवावयाचे! हा बेत सर्वस्वी चुकीचा होता असे नाही. जुन्या विमानात क्षितिज दाखविणारे यंत्र हवेच्या ओढीवर भोवऱ्यासारखे फिरते; ही ओढ उत्पन्न करणारा पंप एखादे दिवशी काही न सांगता मोडतो, आणि ढगात असता तो मोडला तर वैमानिकास वर-खाली कळेनासे होते. नव्या यंत्रांत ही भीती कमी. शिवाय १ जानेवारी २०२० पासून तेथील बहुतेक नियंत्रित आकाशात, आपले ठिकाण आपोआप कळविणारे यंत्र विमानात असणे सक्तीचे झाले आहे. परंतु ते या विमानात आधीच होते. राहिली ती निव्वळ शोभा, आणि तीवर हे लोक जवळजवळ इंजिनाइतकाच खर्च करावयास निघाले होते.

योग आणि क्षेम हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. नसलेले मिळविणे तो योग, मिळालेले राखणे ते क्षेम. योगाच्या वेळी पेढे वाटतात. क्षेमाच्या वेळी कोणी घरी येत नाही. १९३२ च्या १५ ऑक्टोबरास जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ नावाच्या लहानशा विमानातून कराचीहून टपाल आणून जुहूस उतरविले. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ नावाच्या तसल्याच जुन्या विमानातून तो प्रवास पुन्हा केला. तेव्हा मी तरुण होतो. त्या वृद्ध वैमानिकाचे मला फार कौतुक वाटले. ते लाकडा-कापडाचे विमान पन्नास वर्षांनी उडण्याजोगे कोणी राखले, हे विचारावे असे मात्र सुचले नाही.

यंत्र वाढविण्याच्या हौसेची दुसरी बाजूही मी वाचली. अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव सेस्ना १८२ उडवीत असत. १९९९ च्या एप्रिलात त्यांनी पायपर साराटोगा हे अधिक वेगवान विमान घेतले. १६ जुलैच्या रात्री धुरकट हवेत समुद्रावरून जाताना त्यांस दिशाभ्रम झाला आणि विमान पाण्यात कोसळले; ते, त्यांची पत्नी आणि मेहुणी तिघेही गेली. केवळ यंत्रे पाहून उडविण्याचा वेगळा परवाना त्यांनी मिळविलेला नव्हता. विमान वरच्या इयत्तेत गेले होते, वैमानिक जुन्याच इयत्तेत होता. शिक्षकास हे वाचून जे वाटावयाचे ते वाटले.

एवढे वाचल्यावर मी दादांच्या बाजूला झुकलो होतो. मन वळले ते आपल्याकडच्या एका उदाहरणाने. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव नावाचे वैमानिक राहतात. जेट एअरवेजमध्ये असताना त्यांनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधावयास घेतले. १९९८ पासूनचे पहिले दोन प्रयत्न फसले. २००९ साली तिसरा आरंभिला, तो सहा आसनांचा. ज्या गच्चीवर आपण पापड-कुरडया वाळवितो त्या गच्चीवर विमानाचा सांगाडा! खाली एकत्र कुटुंब नांदते आहे, वर वर्षानुवर्षे ठोकाठोक चालू आहे, आणि घरचा पैसा त्यात जातो आहे. तयार झालेले विमान सुटे करून खाली उतरविले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, तेव्हा कोठे जगाने ते पाहिले.

पुढचा चढ गच्चीच्या जिन्यापेक्षा अवघड होता. एकट्या माणसाने घरी बांधलेल्या विमानास नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत बसविणे सोपे नव्हते. नोंदणीपत्र हाती आले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये. विमानास व्हीटी-एनएमडी ही अक्षरे मिळाली. शेवटची तीन पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली. उड्डाणाची परवानगी आणखी दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये. त्यानंतर धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. पहिल्या प्रयत्नापासून मोजले तर दोन दशके उलटली. आपल्या देशात असल्या हौसेस इंधनाचीही अडचण. लहान इंजिनांचे विमानी पेट्रोल २०२२ साली इंडियन ऑइलने येथे तयार करीपर्यंत परदेशातून आणावे लागे.

हे वाचून मला यादवांच्या धैर्याहून त्यांच्या घरच्या मंडळींचे धैर्य मोठे वाटले. दोनदा फसलेल्या कामास तिसऱ्यांदा हो म्हणणे हे साहस गच्चीवरचे नव्हे, खालच्या मजल्यावरचे आहे. आमच्या घराने तर अजून पहिल्यांदाही हो म्हटले नव्हते.

दुसऱ्या बैठकीत मी माझे मत सांगितले. पैसे द्यावेत, परंतु रंगीत पडद्यांसाठी नव्हे. पुतण्याने आधी इंजिन उघडून घ्यावे. यंत्रांवरून उडविण्याचे शिक्षण पुरे करावे. आणि ते होईतो कोणासही शेजारी बसवून ढगाच्या वाऱ्यास जाऊ नये. दादा म्हणाले, “छप्पर गळते ते गळू द्यावयाचे काय?” मी म्हटले, “आणखी एक पावसाळा.” ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे ती संमती समजली जाते. ती सुखाची नव्हती, हे मी जाणतो. आमच्या मातोश्री नव्वदीच्या आहेत. त्यांनी एवढेच विचारले, की वर गेल्यावर त्यास तहान लागली तर पाणी कोण देते?

इंजिनाच्या अटीवर चौघा मित्रांत वाद झाला. एक जण रागावून बाहेर पडला, म्हणून हिस्से तीन झाले आणि आमच्या वाट्याचा भार वाढला. हे मी धरले नव्हते, आणि दादांनी त्याची मला दोनदा आठवण करून दिली.

चैत्रात इंजिन उघडले. आतल्या कॅमशाफ्टवर गंजाचे खड्डे पडले होते. कारखान्यातल्या वृद्ध कारागिराने पुतण्यास सांगितले, की चालविल्याने झिजलेली इंजिने तो पाहतो त्याहून न चालविता गंजलेली अधिक पाहतो. विमान उभे राहिले की तेल निथळून खाली जाते आणि वरचे लोखंड उघडे पडते. हे मी वहिनींस वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “मी तेच विचारले होते.”

आता ज्येष्ठ लागला आहे. इंजिन अद्याप कारखान्यातच आहे. निवाऱ्याचे भाडे मात्र दर महिन्यास जाते. पुतण्या यंत्रांच्या अभ्यासाची पुस्तके वाचतो आणि आठवड्यातून एकदा भाड्याच्या विमानात शिक्षकाबरोबर बसतो. इकडे देवघराच्या कोपऱ्यात, जेथे गेल्या वर्षी पाणी गळत होते, तेथे दादांनी काल पितळी घंगाळ आणून ठेवले आहे.