गप्प बसणं आणि स्वस्थ बसणं



मध्यंतरी आमच्या मंगळवारच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्तीनं सुचवलं, "केसेस घ्यायच्या आधी आपण सगळ्याजणी दहा मिनिटं शांत बसायचं का?" क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एक जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, बायकांना गप्प बसायला शिकवायचं कुणी बाकी ठेवलंय का? आता आपणही तेच शिकवायचं?" सगळ्या हसल्या, विषय तिथंच मिटला आणि बाहेर बाकावर बसलेल्या पहिल्या बाईला आम्ही आत बोलावलं.

मी मात्र तो प्रश्न घरी घेऊन आले. दहा-बारा वर्षांपूर्वी हे वाक्य मीच बोलले असते. आज मला त्या तरुण मुलीची बाजू घ्यावीशी वाटते, पण जुन्या मैत्रिणीचं म्हणणं खोडून काढून नव्हे. तिच्या शंकेला कारण आहे.

केंद्रावर येणाऱ्या बायकांकडे पाहा. नवरा मारतो म्हणून माहेरी सांगितलं, तर माहेरचे म्हणतात, "जप कर, ध्यान कर, तुझं मन शांत झालं की तोही सुधारेल." कुणाला सासूनं सत्संगाला धाडलेलं असतं, कुणाच्या पर्समध्ये कुठल्या तरी महाराजांचा फोटो असतो. मारणारा तो आणि मन शांत करायचं हिनं. रागावर औषध द्यायचं तेही जिला राग यायलाच हवा तिला! असं ध्यान म्हणजे जखमेवर बांधलेली स्वच्छ पट्टी. वरून नीट दिसते, आत पू होत राहतो. चळवळीनं याला विरोध केला तो योग्यच होता आणि आजही करायला हवा. ध्यानानं कुणाला संरक्षण आदेश मिळत नाही. तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करूनच मिळतो.

मग मी कशाच्या बाजूनं बोलते आहे? आधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते.

एक बाई आमच्याकडे तिसऱ्यांदा आली होती. दोनदा आम्ही तिला नवऱ्याच्या घरातून बाहेर काढलं, वकील दिला, राहायची सोय केली आणि दोन्ही वेळा ती परत गेली. तिसऱ्या वेळी तिनं "मी परत जाते म्हणते, ताई" असं म्हटल्यावर माझा तोल गेला. "मग आमचा वेळ कशाला घालवतेस?" असं मी चार बायकांसमोर तिला बोलले. ती काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि गेली. पुन्हा कधी आली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्यांदा मी तिच्यावरच रागावत राहिले. मग पहाटेच्या सुमाराला लक्षात आलं की माझा राग ती परत जाण्याचा नव्हताच. तो माझ्या हरण्याचा होता. तिच्या निर्णयात मला माझा पराभव दिसला होता. आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी लहानपणापासून ओळखत होते. वडील आईशी त्याच आवाजात बोलायचे. ज्या आवाजाविरुद्ध उभं राहायला मी चळवळीत आले, तोच माझ्या गळ्यात बसलेला होता!

हे कुठल्याही शिबिरात मला कुणी सांगितलं नव्हतं. पितृसत्तेवर मी तासभर बोलू शकत होते, पण ती माझ्यात कुठं मुक्कामाला आहे हे शोधायची माझी सवय नव्हती. तेव्हापासून मी बसायला लागले. पहाटे पाचला, गच्चीवर, सतरंजी टाकून, वीस मिनिटं. डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेवायचं, मन भरकटलं की न रागावता परत आणायचं. एवढंच. पहिले कित्येक दिवस मनात भाजी, गॅसचा नंबर आणि नळाला पाणी कधी येणार याचाच हिशेब चालायचा. हळूहळू त्या हिशेबाखालचं दिसू लागलं. कुणाचा हेवा वाटला, कुठं टाळ्यांसाठी बोलले, कुठं दमले असताना "मी दमले" म्हणायला लाजले. बसून झाल्यावर वहीत दोन ओळी लिहायच्या, हाही नेम ठेवला.

या वाटेवर मला आपल्याच जिल्ह्यातली एक बाई भेटली. जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. ही सतराव्या शतकातली संत बहिणाबाई. १६२८ साली वेरूळच्या परिसरातल्या देवगाव रंगारी इथं जन्मली, १७०० साली वारली. वैजापूर तालुक्यात शिऊरला तिची समाधी आहे. छत्रपती संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येता येतं. आपल्यापैकी किती जणी गेल्यात?

तिचं लग्न अगदी अजाण वयात, तिच्याहून खूप मोठ्या बिजवराशी झालं. घराण्यातल्या भांडणापायी कुटुंबाला गाव सोडावं लागलं आणि फिरत फिरत ती माणसं कोल्हापूरला पोचली. तिथं या मुलीला कीर्तनाची ओढ लागली, तुकारामांच्या अभंगांनी ती भारून गेली आणि त्यांनाच तिनं मनोमन गुरू मानलं. ब्राह्मणाच्या घरातली बाई आणि गुरू मात्र ज्याला समाज शूद्र म्हणतो असा! नवऱ्याचा संताप झाला. त्यानं तिला बांधून मारलं. हे आपल्याला दुसऱ्या कुणाच्या पोथीतून कळलेलं नाही. तिनं स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत ते सांगून ठेवलं आहे. पावणेचारशे वर्षांपूर्वीची एक बाई नवऱ्याच्या मारहाणीची नोंद स्वतःच्या नावानं करते, ही गोष्ट लहान नाही. आज एफआयआर लिहून घेताना आपल्याला काय यातायात पडते ते आठवा.

बाईच्या देहात जन्म म्हणून परमार्थाची दारं बंद, याचीही सल तिनं बोलून दाखवली. आणि अश्वघोषाच्या नावावर असलेल्या 'वज्रसूची' या ग्रंथातला विचार तिनं मराठी अभंगांत आणला. जन्मानं कुणी ब्राह्मण ठरतो का, या प्रश्नाची एकेक उत्तरं तपासत जाणारा तो ग्रंथ. ज्या जातीत आपण जन्मलो, तिच्याच मोठेपणाची अशी तपासणी करायला आत किती स्वच्छ पाहावं लागलं असेल!

पण हीच बहिणाबाई पतिसेवा हाच बाईचा धर्म असंही लिहिते. नवऱ्याला सोडून देवाकडे जाणं नको, त्याच्या पायाशीच माझा देव, अशी मनाची समजूत घालते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नंतर वाटलं, या बाईला घाईनं बाद करू नये. जिला एवढं स्वच्छ दिसत होतं, ती नेमकी इथं का थांबली?

मला सुचलेलं उत्तर सांगते. पटलं नाही तर भांडा. जातीच्या प्रश्नावर तिला सोबत होती. तुकाराम होते, वारकऱ्यांचा मेळा होता, 'वज्रसूची'सारखा ग्रंथ होता. नवऱ्याच्या मारहाणीच्या प्रश्नावर तिला कुणीच नव्हतं. "बहिणा, मार खाणं हा धर्म नव्हे" असं म्हणणारी एकही मैत्रीण तिच्या अभंगांत मला भेटली नाही. एकटीनं आत पाहत गेलं की जिथं सोबत संपते तिथंच नजरही अडते. अंधारात कंदिलाचा उजेड पोचेल तेवढंच दिसावं, तसं.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आहे. ज्या बायका एकट्या ध्यानाला बसतात, त्यांना मैत्रिणींची गरज आहे. नाहीतर ध्यान त्यांना जुन्याच धर्माशी नेऊन पोचवेल. आणि आपण, ज्यांच्याजवळ मैत्रिणी आहेत, मोर्चे आहेत, कायदे आहेत, त्यांना स्वस्थ बसायची गरज आहे. नाहीतर आपण दुसरीच्या घरातली सत्ता ओळखू आणि स्वतःच्या आवाजातली ओळखणार नाही. 'स्वस्थ' या शब्दाचा मूळ अर्थच स्वतःत स्थिर असलेला असा आहे. गप्प बसणं दुसऱ्याच्या धाकानं होतं. स्वस्थ बसणं आपल्या इच्छेनं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात म्हणून आपली फसगत होते.

कुणी म्हणेल, ही सगळी निवांत बायकांची चैन. मग विचारते, घरातल्या पुरुषानं सकाळी पूजेला, व्यायामाला किंवा पेपर घेऊन अर्धा तास काढला तर त्याला चैन म्हणतो का? बाईनं वीस मिनिटं मागितली की चहा कोण करणार, डबा कोण भरणार, मुलाला कोण उठवणार, हे सगळं एकदम वर येतं. ती वीस मिनिटं मागणं हेच घरकामाच्या वाटणीचं पहिलं भांडण आहे. आमच्या एका मैत्रिणीच्या घरी त्या वीस मिनिटांमुळेच नवरा चहा करायला शिकला. इगतपुरीच्या धम्मगिरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवस मौन, फी नाही, लोकांच्या दानावर चालतं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण दहा दिवस घर सोडू शकणारी बाई आपल्या वस्तीत किती जणींना माहीत आहे? म्हणून मी वीस मिनिटांपासून सुरुवात करा म्हणते, आणि त्याला ना कुठला धर्म लागतो ना कुठली दीक्षा. जी नमाज पढते तिला, जी बुद्धवंदना घेते तिला आणि जी काहीच मानत नाही तिलाही श्वास सारखाच आहे.

वहीत लिहायला मी स्वतःला तीन प्रश्न ठरवून घेतले आहेत. आज मी कुणावर आवाज चढवला, आणि तो आवाज मुळात कुणाचा होता? आज "हो" म्हणताना मनात "नाही" होतं असं कुठं झालं? आज माझ्याहून कमी बळ असलेल्या कुणाचं मी ऐकून घेतलं नाही, मग ती कामवाली असेल, सून असेल, केंद्रावर आलेली बाई असेल? उत्तरं सुंदर असायची गरज नाही. खरी असली म्हणजे झालं.

आता सावधगिरीच्या गोष्टी. जिच्यावर नुकताच अत्याचार झाला आहे, तिला "डोळे मिटून बस" असं कधीही सांगू नका. डोळे मिटले की नेमकं तेच समोर उभं राहू शकतं. तिला डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून, खिडकीतून बाहेर पाहत बसू द्या, आणि नको म्हणाली तर तिचं ऐका. कुणाला झोप नाही, जेवण जात नाही, जीव द्यावासा वाटतो, तर ध्यान हा उपाय नव्हे. डॉक्टर हवा. शासनाची मानसिक आरोग्याची मोफत टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. मारहाणीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे. आणि जिथं गुरू प्रश्न विचारू देत नाही, पैसे मागतो, अंगाला हात लावतो किंवा "घरचं घरात ठेव" म्हणतो, तिथून चप्पल घालून सरळ निघून या.

मी स्वतःला एकच कसोटी लावते. बसून उठल्यावर मला अन्याय कमी दिसतो की जास्त? कमी दिसायला लागला तर ते ध्यान नव्हे, गुंगी. जास्त दिसत असेल, आणि तरी हात थरथरत नसतील, तर चालू ठेवायला हरकत नाही.

आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरात, बीबी का मकबऱ्याच्या पलीकडे, औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. तिथं तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर हात जोडून बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या माणसाएवढ्या मूर्ती आहेत. त्यातल्या बायका ओळखीच्या वाटतात, केसांची ठेवण, दागिने, सगळं नीट. गेली सुमारे पंधराशे वर्षं त्या तिथं बसल्या आहेत आणि त्यांना कुणी चहा टाकायला उठवलेलं नाही! आणि बौद्ध परंपरेत 'थेरीगाथा' आहे, भिक्षुणींनी स्वतःच्या मुक्तीविषयी रचलेल्या गाथांचा संग्रह. त्यात एक थेरी उखळ-मुसळ आणि नवरा यांच्यापासून सुटल्याचा आनंद एका दमात सांगते. तिला मन:शांती आणि घरातल्या जाचातून सुटका या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नव्हत्या. त्यांची फारकत नंतर आपण केली.

पुढच्या मंगळवारी मी त्या तरुण मुलीची सूचना पुन्हा मांडणार आहे. दहा नव्हे, पाच मिनिटं. सक्ती नाही. जिला नको तिनं बाहेर बाकावर बसलेल्या बायकांशी बोलत बसावं. तीन महिने करून पाहू आणि मग ठरवू. जुन्या मैत्रिणीला मी विचारणार आहे, "तू पहारा दे. आम्ही गप्प बसायला लागलो असं वाटलं तर लगेच उठव."

आणि ती तिसऱ्यांदा आलेली बाई? ती कुठं आहे मला माहीत नाही. ती पुन्हा आली तर आधी तिची माफी मागायची आहे, मग तिचं ऐकायचं आहे. तुमच्या गटात असं काही घडलं असेल, ध्यानाचा चांगला किंवा वाईट अनुभव असेल, तर जरूर लिहा. विरोधातलं पत्र आलं तर जास्तच आवडेल.