दांडा हाती, दोषही माथी?

राइडचा ताबा बसणाऱ्याच्याच हाती असेल तर अपघाताचा दोषही त्याचाच, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे. अमेरिकेत न्यू जर्सीतील व्हर्ननच्या ‘ॲक्शन पार्क’चा इतिहास ते खोडून काढतो.

१९७८ साली सुरू झालेल्या या पार्कची ‘अल्पाइन स्लाइड’ म्हणजे डोंगरउतारावरून वळणे घेत जाणारी लांबलचक घळ. तीत एकट्याने बसायची छोटी गाडी. दांडा पुढे ढकलला की सुसाट, मागे ओढला की ब्रेक. निदान कागदावर तरी! गाडीखाली रूळ नव्हते. १९८० मध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाची गाडी घळीबाहेर उडाली आणि खडकावर डोके आपटून तो गेला. १९८४-८५ मध्ये याच स्लाइडवर १४ अस्थिभंग आणि डोक्याच्या २६ दुखापती नोंदल्या गेल्या. इतक्या सगळ्यांची अक्कल एकाच उतारावर गहाण पडली होती का?

आजच्या अल्पाइन कोस्टरमध्येही ब्रेक बसणाऱ्याच्याच हाती असतो. पण गाडी रुळांना जखडलेली असते, कमरेला पट्टा असतो आणि वेग वाढला की आपोआप आवळणारा ब्रेक तिला ताशी ४० किलोमीटरच्या आसपास रोखतो. मागची गाडी पुढचीवर आदळण्याचा धोका मात्र उरतोच. त्यासाठी अंतर राखून गाड्या सोडणारा जागरूक कर्मचारी लागतो.