वरच्या थरावरचं पोर

अंक छपाईला जाताना गल्लोगल्ली दहीहंडीसाठी गोविंदा पथकांचा सराव रंगात आला आहे. सर्वांत वर चढणारा वजनाने हलका हवा, म्हणून नजर पोरांकडे वळते. मांडीवर पाय, मग खांद्यावर. खालचा दात आवळतो, पण हलत नाही. हा थरार आम्हालाही प्रिय आहे, तो संपावा असं मुळीच वाटत नाही.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीच्या थरांच्या उंचीला २० फुटांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीचं बंधन उठलं, १४ वर्षांखालच्यांना मनाई मात्र राहिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना विमा जाहीर केला.

उंचीवर वाद होऊ शकतो. जाणत्याने स्वतःच्या जिवावर जोखीम घ्यावी, तो त्याचा हक्क. पण फलकावर फोटो नेत्याचा, गर्दी आयोजकाची आणि मोडलेला मणका दुसऱ्याच्या पोराचा, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. विम्याने घरच्यांना पैसे मिळतील, पाठ सरळ होणार नाही. बक्षिसाची रक्कम जाहीर करणाऱ्या प्रत्येक आयोजकाने यंदा सुरक्षा-दोर, हेल्मेट आणि गाद्यांची सोयही त्याच फलकावर छापावी. ती नसेल तिथे पथकांनी सलामी देऊ नये.